उशाशी कोण होतं

पॉलिन वारल्याचं वटार गावात कळलं, त्या दुपारी मार्सेल केळीच्या वाडीत पाट वळवत होता. घरातला फोन वाजून थांबला, पुन्हा वाजला. शेजारच्या आशालताने कुंपणावरून दोनदा हाक दिली, तेव्हा तो चिखलाच्या पायांनी तसाच आत आला.

फोन प्लासिडचा होता, कोचीहून. "मार्सेलदादा, इथे आमचे फार हाल चाललेत," अशी त्याने सुरुवात केली आणि मग हाल सांगितले. जहाजाचं इंजिन भर समुद्रात बंद पडलं. एसी गेला. संडासात पाणी नाही. जेवण म्हणून उकडलेली अंडी आणि बिस्किटं. कसंबसं जहाज बंदराला लागलं, तर आता हेल्थवाले खाली उतरू देत नाहीत, सगळ्यांना डेकवर उन्हात उभं करून ठेवलंय. मार्सेल ऐकत राहिला. त्याला वाटलं, पुढे हा म्हणणार की आम्हाला यायला उशीर होईल. प्लासिडने एक दम घेतला आणि म्हणाला, "आणि दादा, पॉलिनबाय आज सकाळी आपल्याला सोडून गेली."

मार्सेलने फोन खाली ठेवला नाही. पलीकडे प्लासिड बराच वेळ कंपनीच्या माणसांना शिव्या देत होता, त्या त्याने शेवटपर्यंत ऐकल्या. पुढे त्या दिवसातलं दुसरं काही त्याच्या लक्षात राहिलं नाही, पण ते 'आणि' राहिलं. आधी इंजिन, मग एसी, मग संडास, मग अंडी, आणि मग त्याची बायको.

हे क्रूझचं खूळ प्लासिडचंच. प्लासिड बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त झाला होता आणि तेव्हापासून त्याच्या हाताखाली कोणी नसल्याने तो गावाला हाताखाली धरून होता. चर्चच्या सणाची कमिटी तो चालवी, वेलंकनीच्या यात्रेला सहल तो काढी. त्या वर्षी त्याने ठरवलं की वेलंकनी पुष्कळ झाली, आता जहाजाने मालदीवला जायचं. त्याची बायको रिटा, आचोळ्याला फ्लॅट घेऊन राहणारा त्याचा मित्र जेन्सन, आणि वटारची आणखी काही जोडपी तयार झाली.

ते स्वाइन फ्लूचं साल होतं. पेपरात रोज तोंडाला फडकी बांधलेल्या माणसांचे फोटो यायचे. त्यामुळे नावं दिल्या दिवसापासून ही मंडळी घाबरली होती. रविवारची मिस्सा सुटली की चर्चच्या आवारात त्यांची बैठक बसे. कोणाला ताप आला तर परक्या बंदरात उतरू देतील का? एकाला आला तर बाकीच्यांना सोडतील का? कसलं सर्टिफिकेट लागतं? सुई टोचून घ्यावी लागते का, आणि ती दंडात टोचतात की आणखी कुठे? जेन्सनचा भाचा मालवाहू जहाजावर होता. त्याने सांगितलं की हे जहाज जुनं आहे, दुसऱ्या देशात दुसऱ्या नावाने चालायचं, रंग मारून इकडे आणलंय. हे कळल्यावर तर बायकांनी जपमाळा काढल्या. जहाज बुडेल का, बुडालं तर नावा पुरतील का, नावेत आधी कोणाला घेतात, यावर एका रविवारी एवढी चर्चा झाली की प्लासिड आणि जेन्सनचं आपसात वाजलं.

मार्सेल पॉलिनची वाट बघत कडेला उभा असायचा. एवढी भीती वाटते तर जाता कशाला, असं त्याने एकदा विचारलं. रिटा म्हणाली, "तुला नाही समजायचं मार्सेल. बॅगा आणल्यात आम्ही." त्याला ते चांगलं समजलं. या माणसांना मरणाची भीती नव्हती. मरण ही गोष्ट त्यांना आपली वाटतच नव्हती. त्यांना भीती होती ती खोळंब्याची.

पॉलिन मात्र घाबरली नव्हती. ती बडबडणारी बाई नव्हती. मालदीवला समुद्राचा तळ वरून दिसतो, मासे पायाशी येतात, एवढं तिने कुठेतरी ऐकलं होतं आणि ते तिला बघायचं होतं. अर्नाळ्याचा समुद्र ती जन्मापासून बघत आली होती आणि त्याचा तळ काही तिला कधी दिसला नव्हता. मूलबाळ नव्हतं, घरात दोघंच. केळीला पाणी द्यायला एकाने मागे राहायला हवं होतं, म्हणून मार्सेल राहिला. तिच्या खोलीत कार्मिन असणार होती. कार्मिन शाळेत शिक्षिका होती, आता निवृत्त, नवरा केव्हाच गेलेला, आणि पॉलिनची ती बालवर्गापासूनची मैत्रीण. पॉलिनने वाटेसाठी सुकेळी घेतली. केळी सोलून उन्हात वाळवायची, मधासारखी झाली की पानात बांधायची, हे काम तिच्यासारखं आळीत कोणाला जमत नव्हतं. डबा भरून घेतली. जाताना म्हणाली, "मोगऱ्याकडे बघ. केळीच्या नादात त्याला विसरशील."

शवपेटी विमानाने आली. बरोबर कागद होते. तापाचं नाव त्यात लिहिलं होतं: मलेरिया. गावातल्या डॉक्टरने कागद दोनदा वाचले आणि चष्मा काढला. म्हणाला, हा ताप बहुतेक इथूनच अंगात गेला असणार, पावसाळा संपता संपता इथे घरोघरी असतो. बोटातून रक्ताचा थेंब घेतला असता तर तासाभरात कळलं असतं, आणि गोळ्या तर साध्या असतात. एवढं बोलून त्याने मार्सेलच्या खांद्यावर हात ठेवला आणि काही विचारायचं होतं ते विचारलं नाही.

दफनाच्या वेळेपर्यंत सहलीची मंडळी पोचली होती. पेटी ओटीवर ठेवली होती. रिटा पेटीवर वाकली, रडली, डोळे पुसले आणि शेजारच्या बाईला म्हणाली, "देवाची कृपा म्हणायची, निदान स्वाइन फ्लू नव्हता." ती हळूच बोलली होती, पण मार्सेल पेटीच्या पलीकडेच उभा होता.

पॉलिनची बॅग कार्मिनने आणून दिली. ती खाली मान घालून आली, बॅग ठेवली आणि गेली. कपड्यांवर सुकेळीचा डबा होता, धुऊन पुसून ठेवलेला, रिकामा. मार्सेलला बरं वाटलं, म्हणजे तिने खाल्ली. रिटा दाराशीच होती. ती म्हणाली, "अरे, तुझ्या सुकेळ्यांनी वाचवलं हो आम्हाला. जहाजाचं किचन बंद पडलं ना, तेव्हा पुरवून पुरवून खाल्ली. पॉलिनला काही जात नव्हतं तेव्हा."

"काही जात नव्हतं?" मार्सेलने विचारलं.

"म्हणजे, जहाज लागतं ना काही लोकांना," रिटा म्हणाली आणि फुलांच्या हारांकडे वळली.

रीतीप्रमाणे त्यानंतर रोज संध्याकाळी घरी जपमाळेची रोझरी व्हायची. आळीतली माणसं जमायची, गुडघे टेकायची, माळ संपली की आशालता चहा आणि चणे फिरवायची. आणि चहाचा पहिला घोट पोटात गेला की जहाज सुरू व्हायचं. मृताच्या घरात मृताबद्दल बोलावं, निदान गप्प बसावं, ही साधी गोष्ट. पण या मंडळींनी पॉलिनचा फोटो मध्ये ठेवून रोज संध्याकाळी आपली सहल पुन्हा केली. पोहण्याच्या तलावात पाणीच नव्हतं. जादूगाराचा खेळ होणार होता तो रद्द. एसी बंद पडल्यावर जेन्सनच्या पाठीवर घामोळं उठलं, ते त्याने शर्ट वर करून दाखवायचंच बाकी ठेवलं. जेन्सनला मराठीत इंग्रजी घातल्याशिवाय राग येत नसे. "टोटल मिसमॅनेजमेंट," तो म्हणायचा, "आणि वरून हेल्थवाल्यांची दादागिरी. आम्ही काय क्रिमिनल आहोत?"

मार्सेल एक-दोनदा मध्येच विचारायचा. तिला ताप कधी आला? शेवटी काही बोलली का? त्याला वाटायचं, निदान एखादं वाक्य कोणीतरी आणलं असेल, परदेशाहून आणतात तसं. उत्तरं यायची, पण ती ओल्या साबणासारखी. फार त्रास झाला नाही. झोपेतच गेली. देवाने सोडवलं. कोणाच्या हातात होतं? आणि पुन्हा एसी.

कार्मिन रोझरीला येत होती. मागे दाराशी बसायची आणि माळ संपली की चहा न घेता उठायची.

वटारच्या त्या आळीत एक जुनी रीत होती. कोणी गेलं की महिन्याची मिस्सा होते, मिस्सेनंतर सगळे कबरीवर जातात आणि मेणबत्त्या लावतात. पण पहिली मेणबत्ती घरच्यांनी लावायची नाही. जाणाऱ्याच्या उशाशी शेवटच्या घडीला जो बसला होता त्याने लावायची. मग ते कोणी का असेना, सून असो की शेजारीण. त्याने लावली की तिच्यावरून बाकीच्यांनी आपल्या पेटवायच्या. मार्सेलची आई गेली तेव्हा तो वाडीत होता. उशाशी पॉलिन होती. कबरीवर सगळे दीर, नणंदा, जावा उभ्या असताना पहिली मेणबत्ती पॉलिनने लावली होती आणि वारा होता म्हणून पदराचा आडोसा धरून ती बराच वेळ वाकून उभी राहिली होती.

रोझरीचे दिवस संपत आले तेव्हा प्लासिड एका वेगळ्याच कामाने आला. कंपनीविरुद्ध सभा घ्यायची होती, चर्चच्या हॉलमध्ये. जहाजावरचे विरारचे, नालासोपाऱ्याचे प्रवासीही येणार होते, एक पेपरवाला येणार होता. "दादा, तुम्ही पुढे बसायचं," प्लासिड म्हणाला. "पॉलिनबायचा फोटो टेबलावर ठेवू, हार घालून. आमच्या तलावाबिलावाचं कोण ऐकतंय? पण बाई गेली म्हटल्यावर ऐकावंच लागेल."

रिटा आणि जेन्सन त्याच्याबरोबर होते. कार्मिनही मागे होती, तिला बहुधा ओढून आणलं होतं.

मार्सेल म्हणाला, "येतो. पण मला मेणबत्तीचं सांगा. पहिली कोण लावणार?"

कोणाला कळलंच नाही. मग आळीची रीत आठवली. प्लासिड म्हणाला, "रिटा लावेल की. रिटा सारखी तिच्या खोलीत जा-ये करत होती."

"मी जा-ये करत होते," रिटा म्हणाली, "पण शेवटच्या वेळी मी डेकवर होते. तू होतास ना रे खाली?"

"मी कशाला असेन? मी सगळ्यांचे पासपोर्ट सांभाळत होतो."

"कार्मिन खोलीतच राहायची," जेन्सन म्हणाला. "लॉजिकली कार्मिनच."

सगळे कार्मिनकडे बघायला लागले. तीन मोठी माणसं एका मेणबत्तीला हात लावायला घाबरतात आणि ती म्हाताऱ्या मास्तरणीच्या हातात कोंबतात, हे मार्सेलने बघितलं. थोड्या वेळापूर्वी हीच माणसं पॉलिन जणू यांच्याच घरची म्हणून फोटो मागत होती. कार्मिन उठली आणि बाहेर गेली. प्लासिड म्हणाला, "मनाला लावून घेतलंय तिने. सभेचं मात्र नक्की हं, दादा."

दुसऱ्या दिवशी सकाळी कार्मिन वाडीत आली. मार्सेल केळीची सुकलेली पानं कापत होता. तिने छत्री मिटली, पंपाच्या कट्ट्यावर बसली आणि सरळ म्हणाली, "दादा, उशाशी कोणी नव्हतं."

मार्सेलने आणखी एक पान कापलं.

तिने सांगितलं ते शिक्षिकेसारखं, क्रमाने सांगितलं. निघाल्याच्या दुसऱ्याच दिवशी पॉलिनला थंडी वाजून ताप भरला. जहाजावर डॉक्टर होता, खाली दवाखाना होता. कार्मिन तिला घेऊन निघाली होती. जिन्यात प्लासिड भेटला. त्याने दोघींना परत खोलीत आणलं आणि सगळ्यांना बोलावलं. ताप लिहिला गेला की अख्ख्या ग्रुपला उतरू देणार नाहीत, कोंडून ठेवतील, आठवडाच्या आठवडा जाईल, असं त्याने सांगितलं. कोणी बघितलं होतं असा नियम आहे म्हणून? कोणी नाही. रिटाकडे तापाच्या गोळ्या होत्या. बंदर आलं की दोन गोळ्या द्यायच्या, कपाळाला गार पाण्याचा रुमाल लावायचा, मग रांगेत उभं करायचं. मालदीवला असंच केलं. यंत्र कपाळाला लावलं, ताप निघाला नाही, सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या बाकी ठेवल्या. पॉलिन किनाऱ्यावर उतरली आणि एका नारळाखाली बसून राहिली.

"पाण्यात गेली?" मार्सेलने विचारलं.

"नाही. मी म्हटलं, चल, तळ दिसतोय. म्हणाली, इथूनच दिसतो."

परतीला इंजिन बंद पडलं. खोल्यांत भट्टी झाली. गोळीने उतरलेला ताप दुप्पट चढायला लागला. पॉलिन बरळायला लागली, केळीला पाणी द्या म्हणायची. कार्मिन पुन्हा म्हणाली, आता डॉक्टरला बोलावू. प्लासिड म्हणाला, एवढे दिवस लपवलं, आता सांगितलं तर आपल्यावरच यायचं.

"आणि पॉलिन काय म्हणाली? शुद्धीत असताना."

"म्हणाली, माझ्यामुळे सगळ्यांची खोटी व्हायला नको."

हे तिचंच वाक्य होतं. हजारदा ऐकलेलं. लग्नाच्या वरातीत, दवाखान्याच्या रांगेत, सगळीकडे. ही माणसं तिच्या त्या वाक्यावर बसून घरी आली होती.

कार्मिन मग कोचीचं सांगायला लागली, आणि इथे तिचा क्रम पहिल्यांदा चुकला. हेल्थची माणसं जहाजावर आली. प्रत्येकाने गळ्यात खोलीचं कार्ड घालून, तोंडाला फडकं बांधून डेकवर रांगेत यायचं होतं. पॉलिनला तर उठताही येत नव्हतं. तेव्हा रिटाला युक्ती सुचली. तोंड सगळ्यांचंच झाकलेलं, दोघींची उंची सारखी, केस सारखे पिकलेले. कार्मिनने आधी स्वतःचं कार्ड घालून जायचं, मग खोलीत परत येऊन पॉलिनचं कार्ड घालायचं, वर पॉलिनची शाल घ्यायची आणि पुन्हा रांगेत लागायचं.

"मी गेले, दादा. आयुष्यभर पोरांना सांगितलं, दुसऱ्याच्या हजेरीला ओ देऊ नका. मी दोनदा गेले. दुसऱ्यांदा त्या माणसाने माझ्या कपाळाला यंत्र लावलं आणि पॉलिनच्या नावापुढे लिहिलं, ताप नाही."

खोलीतून निघताना तिने दार ओढून घेतलं होतं आणि दाराच्या मुठीला ती पाटी अडकवली होती, आत कोणी झोपलंय, त्रास देऊ नये म्हणून हॉटेलात लावतात ती. जहाजाची माणसं खोल्या तपासत फिरत होती. पाटी बघून ती पुढे गेली. कार्मिन परत आली तेव्हा पॉलिनचा हात पलंगाखाली लोंबत होता आणि पाण्याची बाटली जमिनीवर गडगडत पलीकडे गेली होती. झाकण तसंच बंद.

आणि मग आरडाओरडा झाला. ज्या बाईला ताप नाही असं आत्ता लिहिलं, ती मेलेली कशी, म्हणून हेल्थवाले परत आले, आणि त्यासाठी सगळ्यांना उन्हात उभं केलं. प्लासिडने फोनवर पहिल्यांदा सांगितले ते हाल हेच.

"मी लावू शकत नाही मेणबत्ती," कार्मिन म्हणाली. "मी तिथे नव्हते. मी वर रांगेत पॉलिन होऊन उभी होते."

मार्सेलने तिला पाणी आणून दिलं. ती प्यायली, छत्री उघडली आणि गेली. तिच्यावर राग धरायला त्याला फारसं जमलं नाही, कारण ती आली होती. बाकीच्यांच्या घरापासून वाडी काही लांब नव्हती.

सभेच्या दिवशी हॉल भरला होता. मार्सेल फोटो न घेता गेला आणि पुढच्या खुर्चीवर बसला. प्लासिडने टेबलावर हार आणून ठेवला होता, तो फोटोविना तसाच पडून राहिला, शेवटी कोणीतरी तो माइकला गुंडाळला. विरारच्या एका बाईने आपल्या सँडलचं सांगितलं, डेकवरच्या ऑइलने खराब झाल्या. जेन्सनने घामोळ्याचं सांगितलं. नियम काय ते कोणी नीट सांगत नाही, जहाज चालेल की नाही याची गॅरंटी नाही, माणसाने प्रवास करायचा तरी कसा, असं एकजण म्हणाला आणि त्याला टाळ्या पडल्या. मग प्लासिड उठला. त्याने आवाज खाली आणला. आमच्या एका भगिनीला या कंपनीच्या हलगर्जीपणामुळे जीव गमवावा लागला, तिला वेळेवर डॉक्टरही मिळाला नाही, असं तो म्हणाला आणि मार्सेलकडे हात केला. पेपरवाला लिहायला लागला.

मार्सेल उभा राहिला. त्याला भाषण येत नव्हतं. त्याने एवढंच विचारलं, "प्लासिड, जहाजावर डॉक्टर होता का नव्हता?"

"दादा, तो विषय—"

"होता का नव्हता?"

प्लासिडने रिटाकडे बघितलं. रिटा पर्समध्ये काहीतरी शोधायला लागली. जेन्सन मागून म्हणाला, "टेक्निकली होता." कोणीतरी हसलं, मग थांबलं.

"त्याला कोणी बोलावलं?" मार्सेल म्हणाला.

मार्सेल थोडा वेळ उभा राहिला, की कोणी बोलेल. ती कशी गेली हे त्याला कळलं होतं, पण ते यांच्यापैकी एकाने तरी तोंडाने म्हणावं, एवढंच त्याला हवं होतं. पंखे फिरत होते. सँडलवाली बाई शेजारणीला विचारत होती, काय झालं, काय झालं. तो बाहेर पडला. मागे थोड्या वेळाने माइक पुन्हा सुरू झाला. पोहण्याच्या तलावाचा मुद्दा राहिला होता.

महिन्याच्या मिस्सेला सगळे आले. न येऊन चालणार नव्हतं, गाव बघतं. प्लासिड सुटात होता. त्यानेच बायबलमधलं पहिलं वाचन वाचलं, स्वच्छ आवाजात, योग्य तिथे थांबत. रिटा गाणाऱ्यांत पुढे होती. मिस्सा संपली आणि सगळे कबरीवर आले. माती अजून दबलेली नव्हती. मार्सेलने वाडीतला मोगरा आणला होता. तो त्याने ठेवला आणि खिशातून एक मेणबत्ती काढली.

"जो उशाशी होता, त्याने यावं," तो म्हणाला.

फादर नवीन होते, त्यांना आळीची रीत माहीत नव्हती. त्यांनी सगळ्यांकडे बघितलं. माणसं हातात मेणबत्त्या घेऊन उभी होती. प्लासिड क्रुसाकडे बघत होता, जणू त्यावर पुढची सूचना लिहिली होती. रिटाने डोळे मिटले होते आणि ओठ हलवत होती. जेन्सनने घड्याळ बघितलं. कार्मिन सगळ्यांच्या मागे होती आणि तिने मान हलवली, नाही.

फादर हळूच मार्सेलला म्हणाले, "तुम्हीच लावा ना. तुमच्याइतकं जवळचं कोण आहे?"

"मी नव्हतो, फादर. मी इथे केळीला पाणी देत होतो."

"मग कोणीही एकाने लावली तरी—"

"कोणीही नाही," मार्सेल म्हणाला. "नव्हतो एवढं म्हणावं, आणि लावावी. तेवढं म्हटलं तरी मला चालेल."

हे त्याने रीतीच्या बाहेर जाऊन म्हटलं होतं. त्याने दार एवढं उघडलं होतं की कोणीही आत यावं. त्यासाठी पेपरवाला नव्हता, सभा नव्हती, कंपनी नव्हती. एक-दोन शब्द लागणार होते. प्लासिड अर्धं पाऊल पुढे आला आणि मार्सेलला वाटलं आता हा बोलणार. प्लासिडने खाकरून घेतलं आणि म्हणाला, "वारा फार आहे आज. नाहीतरी राहणार नाही पेटलेली."

वारा होता, पण एवढा नव्हता.

त्यावर माणसं हळूहळू सुटायला लागली. जाताना जो तो मार्सेलच्या हाताला हात लावून गेला. रिटाने आपली मेणबत्ती रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवली, ती न वापरलेली होती आणि जाड होती, सणाला चालली असती. जेन्सनने आपली खिशात टाकली. कार्मिनने मात्र आपली पायाशी, कबरीच्या कडेला मातीत उभी खोचली आणि न पेटवता गेली.

मार्सेल त्यानंतर रोज संध्याकाळी वाडीतून घरी जाताना कबरीवर जातो. मोगरा ठेवतो, तण उपटतो. प्लासिड पुढच्या वर्षीची सहल काढतोय असं ऐकतो, या वेळी बसने. कंपनीने मंडळींना काहीतरी सवलत देऊ केली आहे आणि ती घ्यायची की नाही यावर चर्चच्या आवारात बैठका चालू आहेत. पहिली मेणबत्ती मार्सेलच्या खिशात असते. पॉलिनच्या कबरीवर ती अजून लागलेली नाही.